चपळाईच्या आणि स्प्रिंटच्या सरावानंतर पाय भरून येतात, नेमकं काय करावं?

डावखुरा_७
नमस्कार मंडळी. वय ३४. कॉलेजात डाव्या कडेने फुटबॉल खेळायचो, मग आठ वर्षं बूट माळ्यावर पडून होते. दीड महिन्यापूर्वी पुन्हा एका हौशी संघात खेळायला लागलो. मंगळवारी आणि गुरुवारी सराव, रविवारी सामना. सुरुवातीला साधं धावणं आणि पासिंग होतं, तोवर काही त्रास नव्हता. आता प्रशिक्षकांनी शंकू लावून झिगझॅग, पाच-दहा-पाचचं शटल (एका बाजूला पाच, वळून उलट दहा, परत वळून पाच असं पळणं) आणि सरावाच्या शेवटी ३० मीटरचे दहा स्प्रिंट सुरू केलेत. हळू धावत परत यायचं की लगेच पुढचा.

मंगळवारी रात्री काहीच वाटत नाही. बुधवारी पाय जड होतात. गुरुवारी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, चढताना मात्र तितकं दुखत नाही. त्याच पायांनी संध्याकाळी परत स्प्रिंट. रविवारी मैदानात उतरतो तेव्हा पाय लाकडाचे झालेले असतात. पहिल्या दहा पावलांत जो बचावपटू मागे पडायला हवा, तो माझ्या खांद्याला खांदा लावून धावतो.

बर्फ, मालिश, स्ट्रेचिंग, गोळ्या, प्रत्येक जण वेगळं सांगतो. दुखत असताना धावावं की थांबावं? खेळ परत सोडायचा नाहीये, म्हणून विचारतोय.

रात्रपाळी
लॅक्टिक ॲसिड साचतंय तुमच्या पायांत. सराव संपल्यावर दहा मिनिटं हळू धावा आणि भरपूर पाणी प्या, निघून जाईल.

चष्मिश
+१. आणि स्ट्रेचिंग. आमच्या शाळेच्या सरांनी तेच शिकवलं होतं, वीस वर्षं करतेय.

सांधेसोबती
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रात्रपाळी, राग मानू नका, पण लॅक्टिक ॲसिडवरचा हा आळ फार जुना आहे. जोरात धावल्यावर रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे ज्याला आपण लॅक्टिक ॲसिड म्हणतो ते, वाढतं हे खरं. पण साधारण तासाभरात ते मूळ पातळीवर येतं. गुरुवारी दुखणाऱ्या मांडीत मंगळवारचं लॅक्टेट शिल्लक राहत नाही. शिवाय तो कचराही नव्हे, हृदय आणि बाकीचे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात.

डावखुरा, तुम्ही लिहिलंय की उतरताना दुखतं, चढताना तितकं नाही. सगळं त्यातच आहे. स्नायू आखडतानाही जोर लावतो आणि लांबतानाही. जिना चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू लांबत लांबत अंगाचं वजन झेलतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. शंकूपाशी वेगात येऊन थांबणं आणि वळणं हेही ब्रेकचंच काम. स्प्रिंटमध्ये हा भार मांडीच्या मागच्या बाजूला येतो. पाय पुढे फेकला जातो आणि पाऊल टेकण्याच्या जरा आधी हॅमस्ट्रिंग लांबत असतानाच त्याला आवरतं. अशा लांबत्या जोरात स्नायूच्या आतली बारीक वीण विस्कटते. मग डागडुजीसाठी पेशी येतात, थोडी सूज येते, तिथल्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणंही उशिरा येतं आणि २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच हे दुखणं स्नायूच्या आतल्या फाटण्याशी जोडलं होतं. तरी ॲसिडची गोष्ट अजून मैदानामैदानावर ऐकू येते.

साधं धावताना आणि पासिंग करताना तुम्हाला त्रास का नव्हता, तेही यातून कळतं. तेव्हा ब्रेक फारसे लागत नव्हते.

रात्रपाळी
राग कसला, चांगलं समजावलंत. पण सरावानंतर हळू धावलं की मला खरंच मोकळं वाटतं. ते काय मग?

सांधेसोबती
ते करतच राहा. लॅक्टेट लवकर उतरतं, श्वास ताळ्यावर येतो, बरं वाटतं. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्यावर मात्र त्याचा फारसा परिणाम दिसत नाही.

चष्मिश, स्ट्रेचिंगचंही तसंच. कोक्रेन ही वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणारी संस्था. तिच्या २०११ च्या आढाव्यात बारा अभ्यास एकत्र तपासले होते. दुखणं १०० गुणांच्या पट्टीवर मोजलं तर स्ट्रेचिंगने बहुतेक ठिकाणी एखाद्या गुणाचाच फरक पडला, सगळ्यात मोठ्या चाचणीत चारेक गुणांचा. सांधे लवचिक राहावेत म्हणून जरूर करा, पण वेगळ्या वेळी. स्प्रिंटच्या तोंडावर एकेक स्नायू मिनिटभर ताणून धरला तर उलट जोर थोडा कमी पडतो.

चष्मिश
वीस वर्षं! वाईट वाटलं थोडं, पण सोडणार नाही. रात्री ताणून झोपलं की झोप छान लागते माझी.

पाणकोंबडी
बर्फाच्या पाण्याचं कुणीच कसं बोललं नाही? सामन्यानंतर मी दहा मिनिटं कमरेपर्यंत गार पाण्यात बसतो. दुसऱ्या दिवशी जमीन-अस्मानाचा फरक असतो. मोठमोठे क्लब करतात ते काय उगाच?

सांधेसोबती
उगाच नाही. १० ते १५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसल्यावर दुखणं कमी जाणवतं, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पण २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बारा आठवडे व्यायाम करणाऱ्यांचे दोन गट केले होते. एक गट प्रत्येक वेळी गार पाण्यात बसायचा, दुसरा सायकल हळू मारायचा. गार पाण्यातल्या गटाची ताकद आणि स्नायूंची वाढ कमी भरली. व्यायामानंतर स्नायूला मजबूत व्हायचा जो निरोप मिळतो, तोच गार पाण्याने मंदावतो असं दिसलं. तीन दिवसांत दोन सामने असतील तर बसा पाण्यात. ताकद कमवायच्या दिवसांत रोज नको.

पाणकोंबडी
अभ्यास काही म्हणो, माझे पाय मला सांगतात ना.

वाचनमात्र
एरवी नुसता वाचतो, आज लिहावंसं वाटलं. याच विषयावरचा २०१४ चा एक प्रयोग मला फार आवडतो. एका गटाला गार पाण्यात बसवलं, दुसऱ्याला साध्या कोमट पाण्यात. तिसऱ्या गटाच्या कोमट पाण्यात त्वचा धुण्याचा साधा द्रव टाकला आणि सांगितलं, हे स्नायू सावरणारं खास तेल आहे. पुढच्या दोन दिवसांत तिसऱ्या गटाच्या पायांची ताकद गार पाण्यातल्या गटाइतकीच परतली, नुसत्या कोमट पाण्यातला गट मागे राहिला. म्हणजे पाणकोंबडी, तुमचे पाय खोटं बोलत नाहीत. विश्वासाचाही त्यात वाटा असतो, इतकंच.

पाणकोंबडी
हे मात्र पटलं. सामन्यानंतर बसेन, सरावानंतर नाही. चालेल?

सांधेसोबती
उत्तम. जाता जाता बर्फाबद्दल अजून एक. लचक, मुरगळ यांवर विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र १९७८ मध्ये डॉ. गेब मिर्किन यांनी मांडलं होतं. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. स्वतःचं गाजलेलं मत जाहीरपणे बदललं, मला त्यांचा आदर वाटतो.

शिट्टीवाला
मुलांना आणि मोठ्यांना बरीच वर्षं शिकवतोय. इथे सगळे दुखण्यावरच्या उपायांवर बोलताहेत. माझी नजर मूळ पोस्टमधल्या एका ओळीवर अडकली: 'हळू धावत परत यायचं की लगेच पुढचा.' तेही सरावाच्या शेवटी, तेही दहा वेळा.

पूर्ण वेगाला लागणारं इंधन म्हणजे स्नायूतलं क्रिएटिन फॉस्फेट, आणि ते काही सेकंदांत उतरतं. अर्धंअधिक भरायला साधारण ३० सेकंद लागतात, जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. मी दर १० मीटरला अंदाजे एक मिनिट विश्रांती देतो. ३० मीटर पळालात की तीन मिनिटं चाला, पाणी प्या, गप्पा मारा. लगेच वळून पळालात तर चौथ्या स्प्रिंटपासून वेग पडतो. कंबर खाली बसते, पाऊल शरीराच्या फार पुढे पडायला लागतं आणि हॅमस्ट्रिंगवर नको तो ताण येतो. मग तो वेगाचा सराव राहत नाही, दमसासाचा होतो. दमसास हवाच, पण तो आठ वर्षांनी परतलेल्या पायांना पूर्ण वेगात दमवून कमवायचा नसतो.

मी असतो तर असं केलं असतं. वॉर्मअप झाल्यावर लगेच, पाय ताजे असताना २० मीटरचे चार स्प्रिंट. रेघेवर गचकन थांबायचं नाही, वेग हळूहळू उतरवायला पुढे पंधरा-वीस मीटर मोकळे ठेवायचे. आठवड्याला एखादाच वाढवायचा. झिगझॅग मंगळवारी, कारण पुढे सामन्यापर्यंत पाच दिवस मिळतात. गुरुवारी वळणं नकोत, फक्त सरळ रेषेत तीन-चार स्प्रिंट आणि मध्ये भरपूर विश्रांती. दोन्ही दिवशी सगळं केलंत तर मंगळवारचं दुखणं ऐन भरात असताना गुरुवारचं त्यावर चढतं आणि रविवारपर्यंत काहीच उतरत नाही.

आणि पूर्ण बंद करू नका! तोच व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्यांदा केला की दुखणं बरंच कमी होतं. स्नायू शिकतो, आणि ते शिकणं काही आठवडे टिकतं. घाबरून महिनाभर थांबलात तर पहिल्यापासून सुरुवात.

डावखुरा_७
शिट्टीवाला दादा, हे कुणी इतकं उलगडून सांगितलंच नव्हतं. मी समजत होतो की दुखलं नाही तर सराव झालाच नाही. पण प्रशिक्षकांना कसं सांगू? ते पोटतिडकीने शिकवतात, संध्याकाळचा स्वतःचा वेळ देतात. दुखवायचं नाहीये त्यांना.

शिट्टीवाला
चूक दाखवायला जाऊ नका, वेळ मोजायला सांगा. पहिला आणि आठवा स्प्रिंट घड्याळ लावून मोजा आणि दोन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवा. प्रशिक्षकाला आकडे आवडतात, मलाही आवडतात.

निवांत
गोळ्यांबद्दल लिहितो, कारण माझ्या बाबतीत घडलंय. एका स्पर्धेत मांडी मागून ओढत होती. संघातल्या एकाने वेदनाशामक दिली, मी सामन्याआधी घेतली. पहिला अर्धा तास काही जाणवलंच नाही. मग एका लांब पासवर पळताना मागून कुणीतरी लाथ मारावी तसं झालं. वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. हॅमस्ट्रिंग फाटलं होतं. अकरा आठवडे बाहेर बसलो. जी सूचना शरीर देत होतं ती मी गोळीने बंद करून टाकली होती. कृपा करून सामन्याआधी गोळी घेऊन उतरू नका.

सांधेसोबती
निवांत, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करू शकतात, आणि घामाने शरीर कोरडं पडलेलं असताना तो धोका वाढतो.

सगळ्यांनी एक फरक ओळखायला शिका. अंग आंबल्याचं दुखणं पसरट असतं, बहुधा दोन्ही पायांत असतं, उशिरा येतं आणि जरा हालचाल केली की सैलावतं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येतं, धावताना अचानक चमकतं, तिथे काळंनिळं पडतं, ती दुखापत. तिथे थांबायचं आणि दाखवून घ्यायचं. आणि कधी अतिश्रमानंतर स्नायू प्रचंड सुजले, लघवी गडद तपकिरी झाली, तर वाट न बघता रुग्णालय गाठा. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यातली प्रथिनं मूत्रपिंडात अडकत असू शकतात. क्वचित होतं, पण जिवावर बेतू शकतं.

कोपऱ्याचा झेंडा
थोडं अवांतर. व्यावसायिक खेळाडूंनाही हे चुकलेलं नाही. डॉ. यान एकस्ट्रँड यांच्या नेतृत्वाखाली युएफा, म्हणजे युरोपातली फुटबॉलची मुख्य संघटना, २००१ पासून युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची नोंद ठेवतेय. एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा पहिल्या हंगामात १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये २४ टक्के झाला. सामने वाढले आणि खेळाचा वेगही वाढला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या एका अभ्यासात एकेक खेळाडू सामन्यात सातशेच्या आसपास वेळा वळतो असं मोजलं होतं. सातशे वेळा ब्रेक! पाच बदली खेळाडूंची मुभा २०२० मध्ये तात्पुरती दिली होती, ती २०२२ मध्ये नियमातच आली. त्यामागे हाच थकवा होता. हौशी संघांनीही पाचही बदल वापरावेत असं मला मनापासून वाटतं. बाकावरच्या पोरांनाही खेळायला मिळतं.

गोलरक्षक_१
आणि आम्ही? गोलकीपर कमी पळतो म्हणून त्याला सावरायची गरज नाही असं सगळे धरून चालतात. एका सरावात चाळीस वेळा डाव्या-उजव्या बाजूला झेप घेऊन बघा. जांघेतले स्नायू, कुल्ले, खांदे, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून कुशीवर उठता येत नाही.

शिट्टीवाला
खरं आहे. गोलकीपरच्या झेपाही मोजूनच द्यायला हव्यात. मी आता वीसवर थांबतो.

उन्हाची तिरीप
मी मधल्या फळीत खेळते. झोपेबद्दल कुणीच लिहिलं नाही याचं नवल वाटलं. गाढ झोपेच्या पहिल्या टप्प्यांत वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त स्रवतं. स्टॅनफर्डच्या बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं, तर त्यांच्या स्प्रिंटच्या वेळा सुधारल्या. हा अभ्यास २०११ चा. मी रात्री दीडला झोपून सकाळी रोलरवर मांड्या घासायचे. रोलर वाईट नाही, मालिशही चांगलीच, दुखणं कमी करण्यात मालिशचा नंबर बऱ्याच वर लागतो. पण तो उशीर मालिशने भरून निघत नव्हता. अकराला दिवा बंद करायला लागले आणि महिन्याभरात फरक कळला.

दुसरं खाणं. सामन्यात स्नायूंतला साखरेचा साठा रिकामा होतो आणि तो भरायला दोन-तीन दिवस जातात. सामना संपल्यावर पहिले काही तास वजनाच्या दर किलोमागे ताशी ग्रॅमभर कर्बोदकं घेतली तर भरणं लवकर सुरू होतं. प्रथिनं फुटबॉलपटूंना दिवसाला किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२ ते १५४ ग्रॅम. एकदम नाही, दिवसभरात तीन-चार वेळा विभागून. मैत्रिणींनो, पाय सतत जड राहत असतील तर एकदा लोहाची तपासणीही करून घ्या. माझं कमी निघालं होतं, आणि मी सहा महिने स्वतःला आळशी म्हणत होते.

चष्मिश
तिरीप, शेवटचं वाक्य वाचून गलबललं. मीही तपासते.

सोनचाफा
इथेच विचारू का? माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, आठवड्यातून चार दिवस फुटबॉल. स्प्रिंट झाले की टाचा दुखतात, चवड्यांवर चालतो. सगळे म्हणतात स्नायू आहेत, आराम पडेल.

सांधेसोबती
सोनचाफा ताई, टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर कळवळत असेल तर ते बहुधा आंबल्याचं दुखणं नाही. या वयात टाचेच्या हाडाची वाढ जिथे चालू असते, तिथेच पोटरीचे स्नायू ओढतात आणि तो भाग चिडतो. सेव्हर्स म्हणतात त्याला. वाढ पूर्ण झाली की जातं, कायमचं नुकसान होत नाही. पण तोवर पळापळ आणि उड्या कमी कराव्या लागतात, टाचेखाली मऊ गादी ठेवली की बरं वाटतं. एकदा प्रत्यक्ष दाखवा. आणि त्याला 'सहन कर' म्हणू नका.

सोनचाफा
मी म्हणाले होते त्याला तसं. आज घरी गेल्यावर आधी जवळ घेते. धन्यवाद.

डावखुरा_७
पाच आठवडे झाले, धागा वर काढतोय.

घड्याळाची युक्ती लागू पडली. पहिला स्प्रिंट ४.६ सेकंद, आठवा ५.३. प्रशिक्षकांनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, "मग हे आपण कशासाठी करतोय?" त्यांनीच वेळापत्रक बदललं. स्प्रिंट आता वॉर्मअपनंतर लगेच, मध्ये चालत तीन मिनिटं. सहापर्यंत आलोय आणि सहावाही ४.७ मध्ये संपतो. झिगझॅग फक्त मंगळवारी.

पहिल्या दोन आठवड्यांत दुखणं होतंच. तिसऱ्यात निम्म्यावर आलं. गेल्या गुरुवारी जिना उतरल्यावर लक्षात आलं की कठड्याला हातच लावला नाही. रविवारी ८० व्या मिनिटाला कडेने निघालो आणि या वेळी बचावपटू मागे राहिला. क्रॉस (कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू) वाया गेला, पण ती दहा पावलं मिळाली.

आता नॉर्डिक सुरू करू का? गुडघ्यांवर बसून, घोटे कुणीतरी धरायचे आणि हळूहळू पुढे झुकायचं, तो व्यायाम.

सांधेसोबती
वा, फार आनंद झाला! नॉर्डिक जरूर करा. नियमित करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्याचं दिसलंय. पण तोही लांबत्या जोराचाच व्यायाम आहे, पहिल्यांदा मागच्या बाजूला चांगलाच दुखेल. पाच-पाचचे दोन सेट, आठवड्यातून एकदा, मंगळवारी सराव संपल्यावर. गुरुवारी अजिबात नको.

निवांत
डावखुरा, अभिनंदन. मीही पुढच्या महिन्यात परततोय. चार स्प्रिंटपासून.

शिट्टीवाला
दोघांसाठीही: रविवारी पूर्ण ९० मिनिटं खेळलात तर मंगळवारचा झिगझॅग अर्धाच करायचा. आणि डावखुरा, पुढच्या वेळी तो क्रॉस मारण्याआधी एकदा मान वर करून बघा.